कित्तूरच्या वाड्यात रेखाटनाला जाताना

बेळगावहून पुणे-बंगळूर महामार्गाने कित्तूर साधारण 50 किमी. राणी चन्नम्मांच्या किल्ल्यातल्या वाड्याचे आज अवशेषच उरलेत. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला तेच सोयीचं, बांधणी उघडी दिसते. सकाळी लवकर पोचा. ऊन डोक्यावर आलं की तिरक्या सावल्या जातात आणि भिंत सपाट दिसते.

कागदावर पहिली रेघ डोळ्याच्या पातळीची. ती सोडून थेट भिंत काढायला घेतली, की पुढचं सगळं घसरतं. 2बी आणि 4बी पेन्सिल पुरेत. रंगांचं ओझं नकोच.

मोबाइल वर वाकवून फोटो काढला की उभ्या कडा वर जाताना जवळ येतात, मग घरी त्यावरून काढलेली भिंत मागे कलते. मागे सरका, फोन सरळ धरा. एका फोटोत 15 सेंमीची पट्टी दिसू द्या, नाहीतर मापाचा अंदाज राहत नाही. पट्टी भिंतीला टेकवू नका, जुना गिलावा सुटतो.

ध्रुवतारा पाहायची नळी भिंतीत दाखवतात. ती मनाने चढी काढू नका: इथे ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम साडेपंधरा अंश असतो.