जुन्या वस्तऱ्यावरचा गंज हळुवार काढताना

मराठवाड्यात आजोबांचा वस्तरा अनेक घरांत फडक्यात गुंडाळून जपलेला असतो, आणि पावसाळ्यातील ओल लागून त्याच्या पात्यावर तांबूस गंज चढतो. पाते पूर्ण उघडून पाटावर सपाट ठेवावे व गंजावर शिलाई मशीनचे तेल सोडून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलातच भिजवून पाठीकडून धारेकडे, एकाच दिशेने, अगदी हलक्या हाताने फिरवावा. उलट फिरवल्यास बोट कापण्याचा धोका असतो. सोनेरी मुलामा असेल तिथे पेपर लावूच नये. लिंबू किंवा चिंच लावण्याचा मोह टाळावा, कारण आम्लाने पोलाद काळवंडते. जुने काळसर डाग राहिले तरी मला ते शोभूनच दिसतात. मात्र गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोहोचले असतील, तर त्या वस्तऱ्याने दाढी करू नये. मूठ शिंगाची असल्यास ती पाण्यात बुडवू नये.