दोघांनी सर्व्हिस घ्यायची, चौघांनी बाजूला व्हायचं: डग बील यांची रिसीव्ह पद्धत संघाला कशी शिकवावी

व्हॉलीबॉलमध्ये समोरून सर्व्हिस येते, पाच जण इंग्रजी 'डब्ल्यू'च्या आकारात उभे असतात आणि चेंडू नेमका दोघांच्या मधोमध मातीत पडतो. मग "तुझा होता", "नाही, तुझा होता". हा खेळाडूंचा आळस नव्हे, रचनेचाच दोष आहे. पाच जणांमध्ये जितक्या फटी, तितके गोंधळ.

अमेरिकेच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक डग बील यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये यावर उपाय मांडला. कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्स या दोघांनीच अख्खं कोर्ट सांभाळायचं, बाकीच्यांनी पासच्या, म्हणजे सर्व्हिस उचलून देण्याच्या, भानगडीत पडायचंच नाही. अंतिम सामन्यात ब्राझीलला ३-० हरवून अमेरिकेने सुवर्णपदक घेतलं. त्या स्पर्धेवर सोव्हिएत संघाचा बहिष्कार होता, म्हणून कुणी नाक मुरडेल. पण पुढचे प्रशिक्षक मार्व डन्फी यांच्या हाताखाली याच घडणीच्या संघाने १९८८च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघालाही ३-१ हरवलं. आज दोन अटॅकर (चेंडू मारणारे) आणि लिबेरो (फक्त मागच्या रांगेत खेळणारा बचावपटू) मिळून सर्व्हिस घेतात, ती याच झाडाची फांदी. फरक इतकाच की लिबेरो नियमात आला १९९८मध्ये. बील यांच्याकडे ती सोय नव्हती.

माणसं निवडणं

नावावरून किंवा उंचीवरून निवडू नका, मोजा. प्रत्येकाला ३० सर्व्हिस द्या: डाव्या कोपऱ्यातून १०, मधून १०, उजव्या कोपऱ्यातून १०. सगळ्या फ्लोट, म्हणजे न फिरता हवेत डगमगत येणाऱ्या. गुण असे: लिफ्टरला (अटॅकरसाठी चेंडू उचलून देणाऱ्याला) तिन्हीकडे चेंडू देता आला तर ३, दोनच पर्याय उरले तर २, नुसता उंच चेंडू टाकावा लागला तर १, चेंडू गेला किंवा थेट नेटपलीकडे परतला तर ०. सरासरी २च्या वर असलेले दोघं तुमचे रिसीव्हर. असा एकच सापडला तर तिघांची रचना करा, हट्ट धरू नका. शालेय संघाने तिघांपासूनच सुरुवात करावी.

रोटेशनमध्ये, म्हणजे सहाही जण क्रमाने जागा बदलतात त्यात, या दोघांना समोरासमोर ठेवा. जागांचे नंबर डावीकडून असे: पुढच्या रांगेत ४, ३, २ आणि मागच्या रांगेत ५, ६, १. म्हणजे एक ४ नंबरवर असेल तेव्हा दुसरा १वर. एक कायम पुढच्या रांगेत, एक मागच्या.

उभं राहणं

कोर्ट ९ मीटर रुंद, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार. बाजूच्या रेषेपासून सव्वादोन मीटर आत आणि नेटपासून साधारण साडेसहा मीटरवर फक्कीने फुल्या मारा. जोरदार जंप सर्व्हिस असेल तर अर्धा मीटर मागे. मधल्या फटीचा निर्णय आधीच ठरवा: आखूड चेंडू डावीकडच्याचा, लांब उजवीकडच्याचा. एक जण पुढून तिरका जातो, दुसरा त्याच्या मागून, म्हणून टक्कर होत नाही. "माझा!" ही हाक चेंडू नेट ओलांडण्याआधी यायला हवी, नंतरच्या हाकेचा उपयोग फक्त भांडणाला.

खरी अडचण बाकीच्या चौघांना लपवण्याची. सर्व्हिसच्या वेळी पुढच्या रांगेतल्या खेळाडूच्या पावलाचा काही भाग तरी त्याच्या मागच्या जोडीदाराच्या पावलांपेक्षा नेटखालच्या मधल्या रेषेला जवळ हवा. तुमचा रिसीव्हर ४ नंबरवर असून साडेसहा मीटरवर मागे आला, तर ५ नंबरवाला त्याच्याही मागे, साडेआठ मीटरवर शेवटच्या रेषेलगत उभा राहिला पाहिजे. तो तिथे फक्त उभा असतो. चेंडू अंगावर आला तरी सरकायचं, हे त्याच्या गळी उतरवायला रिसीव्हर घडवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रिसीव्हर ३ आणि ६वर असतात तेव्हा ते स्वतःच एकमेकांचे पुढचे-मागचे असतात. ३वाल्याने एक पाऊल पुढे राहायचं, नाहीतर शिट्टी वाजलीच. सहाही रोटेशन वहीत काढा आणि चेंडूशिवाय चालून दाखवा. पहिला आठवडा यातच जातो, जाऊ द्या.

हात

मनगटं जुळलेली, कोपरं सरळ, चेंडू मनगटाच्या चार बोटं वर. हात झुलवायचे नाहीत. वेग चेंडूतच असतो, आपण फक्त कोन द्यायचा. शूटिंग व्हॉलीबॉलमधून आलेली मुलं इथे हमखास अडतात, कारण त्यांच्या हाताला चेंडू मारण्याची सवय असते. त्यांना आधी हाताने टाकलेले ५० चेंडू पाय सरकवत नुसते 'झेलायला' लावा. पास उजव्या रेषेपासून तीन मीटर आणि नेटपासून अर्धा ते एक मीटरवर उतरावा. तिथे एक टायर ठेवा. उंची नेटच्या वर एक-दीड मीटर पुरे. त्याहून सपाट पास आला की लिफ्टर धावत सुटतो आणि मधला अटॅक मेला.

छातीवर येणारी फ्लोट बोटांनी घ्यायलाही शिकवा. आजच्या नियमात पहिल्या स्पर्शाला, एकाच हालचालीत, चेंडू दोनदा लागला तरी चालतो. पकडून फेकला मात्र चालत नाही.

पास झाल्यावर

पुढच्या रांगेतला रिसीव्हर अटॅकरही असतो. चेंडू घेऊन तो आपल्या पासकडे बघत उभा राहिला तर एक हल्ला गेला. पास होताच त्याने आतून बाहेरच्या बाजूला झोका घेत धाव सुरू करायची. या धावेमुळेच बील यांच्या हल्ल्याला 'स्विंग' म्हणत. त्यांच्याकडे मागच्या रांगेतून स्टीव्ह टिमन्सही मारत असे, त्यामुळे नेटवर अडवणाऱ्या ब्लॉकरला कुणाकडे बघावं ते कळत नसे. तुमच्याकडे मागून मारणारा नसेल, तर स्विंगचा अर्धाच फायदा धरा.

रोज २० मिनिटं, एका रोटेशनला १० सर्व्हिस. त्यांतल्या सहा पासना २ किंवा जास्त गुण मिळाले तरच पुढचं रोटेशन.

सामन्यात समोरचा संघ पुढच्या रांगेतल्या रिसीव्हरवर मुद्दाम आखूड सर्व्हिस टाकतो, त्याची धाव तोडायला. दोनदा असं झालं की तिसरा माणूस आत घ्या आणि त्याला फक्त आखूड चेंडू द्या. लागोपाठ तीन गुण गेले तर टाइमआउट घेऊन फुल्या अर्धा मीटर हलवा. माणूस बदलण्याचा विचार त्यानंतर.