ऑइल गळती काढताना जोडीची सील बदलायची का? या चुका टाळा

गाडी रॅम्पवर चढवलेली, गिअरबॉक्स उतरवून बाजूला ठेवलेला, आणि मेकॅनिक हात पुसत विचारतो, "उघडलंच आहे, तर बाकीची सील पण टाकून घ्यायची का?" इथे घाईत म्हटलेलं "हो" आणि घाईत म्हटलेलं "नको", दोन्ही महागात पडतात. मी दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत. आता माझा निकष एकच आहे. सील (तेल बाहेर येऊ न देणारी रबरी कडी) स्वस्त की महाग हे मी बघत नाही. तेच सील सहा महिन्यांनी गळलं, तर तिथपर्यंत पोहोचायला काय काय पुन्हा खोलावं लागेल, ते बघतो.

पण हा प्रश्न नंतरचा. बहुतेक चुका त्याच्या आधीच झालेल्या असतात.

थेंब खाली दिसतो, गळती वर असते

इंजिनाबाहेर आलेलं तेल जागेवर थांबत नाही. ते खाली ओघळतं आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, बेल हाउसिंगच्या तळाशी थेंब लोंबताना दिसला की सगळे क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य शाफ्टच्या) मागच्या सीलवर बोट ठेवतात. माझ्या गाडीचं असंच झालं. गिअरबॉक्स उतरवला, क्लच निघाला, फ्लायव्हील निघालं, आणि पाहतो तर सीलभोवती कोरडी धूळ. बोट फिरवलं तर क्लच प्लेटची काळी भुकटी लागली, तेलाचा अंशही नाही. टॉर्च वर धरला तेव्हा इंजिन ब्लॉकच्या मागच्या बाजूने उतरलेला तपकिरी ओघळ दिसला. तो थेट टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यापर्यंत जात होता. तिथला अर्धगोल रबरी बूच कडक होऊन आकसला होता. त्या कामाला गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नसता.

म्हणून आधी धुणं, मग बघणं. इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि वायरिंगचे जोड प्लास्टिकने झाका, डिग्रीझर मारून सगळं स्वच्छ करा, वाळवा. संशयाच्या जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि इंजिन १५-२० मिनिटं चालवा. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ लपत नाही. सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा ओला डाग हा पहिला संशयित. गळती फार हळू असेल तर तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून दोन-चार दिवस गाडी चालवा आणि यूव्ही टॉर्चने पाहा. गळती असेल तिथे हिरवट-पिवळी चमक दिसते.

बेल हाउसिंगमधल्या तेलाचा वासही घ्या. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या बऱ्याच तेलांना गंधकासारखा उग्र वास येतो. तसा वास आला तर गळती क्रँकच्या सीलची नसून गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याच्या) सीलची असू शकते. आणि मोठं काही खोलण्याआधी साध्या जागा तपासा: ऑइल प्रेशर स्विच, ड्रेन प्लगचा वॉशर, ऑइल फिल्टर. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते आणि तिच्यावर नवा फिल्टर चढतो. दोन रिंगा एकावर एक आल्या की तेल अक्षरशः धो धो जातं.

दाब न तपासता सील बदलणं

एक सील बदललं, महिनाभरात दुसरं गळायला लागलं, ते बदललं तर तिसरं. इथे दोष सीलचा नसतो. पिस्टन रिंगच्या फटीतून थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतोच. तो बाहेर काढायला ब्रीदर आणि पीसीव्ही वाल्व असतो. तो काजळीने तुंबला की आत दाब वाढतो आणि सगळ्यात कमजोर जागेतून तेल बाहेर ढकलतो. तुम्ही ती जागा मजबूत केली की दाब पुढची कमजोर जागा शोधतो.

तपासणी सोपी आहे. पेट्रोल इंजिन आयडलवर असताना तेल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. थोडे शिंतोडे उडतील, इंजिन जरा अडखळेल, त्याचं काही नाही. कागद हलकेच आत ओढला गेला तर ठीक. तो फडफडत वर उचलला जात असेल आणि धुराचे झोत येत असतील, तर आधी पीसीव्ही आणि ब्रीदरचे पाइप साफ करा किंवा बदला. तरीही तसंच राहिलं तर रिंगा झिजल्याची शंका घ्या आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. अशा इंजिनात सगळी सील नवी टाकणं म्हणजे फुटलेल्या माठाला बाहेरून रंग देणं.

एकाच मजुरीत येणारी सील सोडून देणं

आता मूळ प्रश्न. टायमिंग बेल्टचं (क्रँक आणि वाल्व उघडणारा कॅम शाफ्ट यांना जोडणाऱ्या दातेरी पट्ट्याचं) इंजिन असेल आणि बेल्ट निघाला असेल, तर क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील समोर उघडी पडतात. यापैकी एक गळत असेल तर दुसरंही त्याच वयाचं, त्याच उष्णतेत तापलेलं आहे. दोन्ही बदला. ऑइल पंपाचं सील त्याच बाजूला असेल तर तेही. इथे कंजूषी का नको, त्याला आणखी एक कारण आहे: बेल्टवर तेल पडलं की बहुतेक बेल्टचं रबर फुगतं, मऊ होतं. तो दात सोडून सरकला तर अनेक इंजिनांत पिस्टन वाल्ववर आदळतात. एका छोट्या सीलपायी हेड उतरवायची वेळ येते. बेल्ट तेलाने भिजलेला असेल तर पुसून परत लावू नका, नवाच टाका. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर त्याचाही विचार आत्ताच करा.

गिअरबॉक्स उतरला असेल तर क्रँकचं मागचं सील आणि इनपुट शाफ्टचं सील एकत्र बघावं. क्लच बदलायला गाडी उघडली असेल आणि मागच्या सीलच्या कडेला नुसता ओलसरपणा असेल, तरी मी ते बदलतो. तिथलं तेल नव्या क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरू लागतो आणि सगळी मजुरी दुसऱ्यांदा. अनेक इंजिनांत हे सील एका वेगळ्या प्लेटमध्ये बसवलेलं असतं आणि त्या प्लेटलाही स्वतःचं पॅकिंग असतं. नवं सील टाकून जुनं पॅकिंग ठेवलं तर गळती तिथून येते आणि बोल नव्या सीलला लागतो.

टॅपेट कव्हर काढलं असेल तर स्पार्क प्लगच्या नळ्यांची सील त्याच वेळी बदला. ती गळली की प्लगच्या खड्ड्यात तेल साचतं, कॉइलचं रबर खराब होतं आणि इंजिन मिसफायर करू लागतं.

सुक्या सीलला उगाच हात लावणं

याची उलटी चूकही तितकीच होते. टॅपेट कव्हर गळतंय, म्हणून ऑइल चेंबर (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवून त्याचंही पॅकिंग बदलायचं, पुढची पुली खेचून तिथलं कोरडं सीलही काढायचं. हे मला पटत नाही. चालू सील आणि शाफ्ट एकमेकांना सरावलेले असतात. सील उपसताना स्क्रूड्रायव्हरचा एक ओरखडा शाफ्टवर उठला, की न गळणारी जागा आपणच गळती केली. टायमिंग बेल्टऐवजी साखळी असलेल्या इंजिनात क्रँकचं पुढचं सील बहुधा नुसती पुली काढून बदलता येतं. ते सुकं असेल तर राहू द्या. गळेल तेव्हा बघता येईल.

संशय असेल तर रबराला विचारा. सीलच्या दिसणाऱ्या भागावर नखाने दाबा. जिवंत रबर दबतं आणि वर येतं. मेलेलं रबर प्लास्टिकसारखं टकटक लागतं, त्यावर बारीक चिरा असतात. नुसता पाझर आणि थेंब यांतही फरक करा. धूळ चिकटून काळपट झालेला, पण महिनोन्‌महिने न ओघळणारा भाग लक्षात ठेवायचा असतो, खोलायचा नसतो. डिपस्टिकवरची पातळी दर ५०० किलोमीटरला लिहून ठेवली की गळती वाढतेय का ते कळतं. अपवाद एकच: तेल सायलेन्सरच्या गरम पाइपवर पडत असेल तर वाट बघू नका, आग लागू शकते.

शाफ्टवरची खाच न बघणं

नवं सील, नवं पॅकिंग, तरी गळती. अशा वेळी जुनं सील जिथे घासत होतं तिथे शाफ्टवर नख आडवं ओढा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. नवं सील त्याच खाचेत बसवलं तर टिकणार नाही. जागा असेल तर ते एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवा, नाहीतर शाफ्टवर पातळ पोलादी स्लीव्ह चढवा. शाफ्ट हाताने हलवून पाहा. वरखाली खेळ जाणवत असेल तर बेअरिंग झिजलं आहे, आणि डोलणाऱ्या शाफ्टवर कुठलंच सील टिकत नाही.

बसवतानाच्या चुका

सीलची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे. साध्या रबरी सीलच्या ओठाला तेलाचं बोट लावा. कोरडं फिरलं तर सुरुवातीलाच ते खराब होऊ शकतं. पण टेफ्लॉनचा सपाट ओठ असलेली सील बहुतेक वेळा कोरडीच बसवायची असतात, आणि सोबत आलेली प्लास्टिकची बाही सील शाफ्टवर चढेपर्यंत काढायची नसते. पाकिटावरची सूचना वाचा. सील हातोडीने एका कडेला ठोकू नका, त्याच मापाच्या नळीने सगळीकडून सारखं दाबा.

टॅपेट कव्हरचे बोल्ट "जरा अजून" आवळणं हीही नेहमीची चूक. यातले बरेच ६ मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. जास्त आवळलं की पॅकिंग बाहेर येतं, कव्हर वाकतं. सिलिकॉनही जपून. सांध्यावरून आत फुगलेला सिलिकॉनचा दोरा तुटून चेंबरमध्ये पडतो आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

काम झालं की इंजिन आणि बेल हाउसिंग पुन्हा स्वच्छ धुवून घ्या. कोनाकोपऱ्यात अडकलेलं जुनं तेल पुढे कित्येक दिवस थेंब थेंब उतरत राहतं, आणि चांगलं बसलेलं सील पुन्हा उपसलं जातं. १०० किलोमीटरनंतर टॉर्च घेऊन खाली पाहा. ओलं दिसलं तर पुसा, पावडर लावा आणि आणखी १०० किलोमीटरनंतर तीच जागा पुन्हा बघा.