‘नो’ म्हणजे नाही? युरोपात या चुका टाळा

पोलंडमधल्या क्राकूव शहरात मी भाड्याने खोली शोधत होते, तेव्हाची गोष्ट. एका घरमालकीणबाईंना फोन केला आणि पाठ केलेलं पोलिश वाक्य म्हटलं, ‘खोली रिकामी आहे का?’ पलीकडून उत्तर आलं, ‘नो, नो, वोल्नी…’ ‘नो’ कानावर पडताच मी आभार मानून फोन ठेवून दिला. दोन दिवसांनी वर्गातल्या पोलिश मैत्रिणीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं, वोल्नी म्हणजे रिकामी! त्या तुला हो म्हणत होत्या.’ तोवर खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली होती.

पोलिशमध्ये ‘नो’ म्हणजे बोलण्यातला होकार. रीतसर ‘हो’साठी ‘ताक’ आणि ‘नाही’साठी ‘न्ये’ हे शब्द आहेत, पण घरात, फोनवर, मित्रमंडळींत सतत ‘नो’च ऐकू येतं. आपल्याकडून पहिली चूक होते ती इथेच. इंग्रजी लहानपणापासून कानात मुरलेली असते, त्यामुळे रोमन लिपीत एन आणि ओ दिसले किंवा तसा आवाज ऐकू आला, की आपण अर्थ लावून मोकळे होतो.

खरं तर या ‘नो’ची किल्ली मराठीतच आहे. आपण ‘हो ना’ म्हणतो तेव्हा त्यातला ‘ना’ नकार असतो का? ‘ये ना’, ‘बघ ना’, ‘सांग ना’ यांतला ‘ना’ आग्रहाचा, जवळिकीचा. पोलिश ‘नो’ नेमका याच जागी बसतो. ‘नो ताक’ म्हणजे ‘हो ना’. ‘पाच नो’ म्हणजे ‘बघ ना’. ‘खोज नो तू’ म्हणजे ‘ये ना इकडे’. हे लक्षात आल्यापासून माझा गोंधळ थांबला. पाठ्यपुस्तकात हा शब्द कुठेतरी कोपऱ्यात असतो, शिकवताना तो पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवा असं मला मनापासून वाटतं.

शेजारच्या चेकमध्येही तीच गत. ‘हो’ला तिथे ‘आनो’ म्हणतात आणि बोलण्याच्या ओघात त्याचं नुसतं ‘नो’ उरतं. रशियनमध्ये मात्र ‘नो’ म्हणजे ‘पण’. फिनिशमध्ये ‘नो’ म्हणजे ‘बरं’ किंवा ‘तर मग’, वाक्य सुरू करतानाचा. लॅटव्हियनमध्ये रोमन लिपीत अगदी तसाच लिहिलेला शब्द ‘पासून’ किंवा ‘हून’ या अर्थाचा आहे. रीगाहून आलो, यातला ‘हून’. त्याचा उच्चार मात्र ‘नुओ’ असा होतो.

ग्रीसमध्ये ‘नाइ’ वाचून फसू नका

ग्रीक होकाराचं रोमन लिपीतलं रूप एन-ए-आय. आपण ते वाचतो ‘नाय’, आणि कोकणातल्या माणसाला तर त्याचा एकच अर्थ माहीत. उच्चार केला तर होतो ‘ने’, आणि घोळ आणखी वाढतो, कारण सीमेपलीकडे बल्गेरियात आणि उत्तर मॅसिडोनियात ‘ने’ म्हणजे चक्क ‘नाही’. बसने सीमा ओलांडली की त्याच आवाजाचा अर्थ उलटा. ग्रीक नकार आहे ‘ओही’, जो आपल्या कानाला ‘हो’च्या जवळचा वाटतो.

५ जुलै २०१५च्या ग्रीक सार्वमताची मतपत्रिका आठवा. कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य आहेत का, असा प्रश्न होता. वरच्या चौकटीत ‘ओही’, खालच्या चौकटीत ‘नाइ’. सुमारे ६१ टक्के लोकांनी वरची चौकट निवडली, म्हणजे नकार दिला. ‘ओही’ला ग्रीसमध्ये केवढा मान आहे पाहा: १९४० साली मुसोलिनीचा निर्वाणीचा इशारा पंतप्रधान मेटाक्सास यांनी फेटाळला, त्या २८ ऑक्टोबरला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि तो दिवस ‘ओही’च्याच नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात ते संभाषण फ्रेंचमध्ये झालं होतं, पण लोकांच्या तोंडी राहिला तो हा ग्रीक शब्द.

मान हलवण्यावरही विसंबू नका. ग्रीक माणूस नकार देताना हनुवटी आणि भुवया वर उचलतो, सोबत जिभेने ‘च्’ असा आवाज करतो. हा ‘च्’ आपल्या ओळखीचा आहे, पण वर गेलेली मान पाहून ‘काय?’ असं विचारल्यासारखं वाटतं. बल्गेरियात मान आडवी हलली तर बहुतेक वेळा तो होकार असतो. परदेशी माणूस समोर दिसला की काही जण मुद्दाम आपली सवय उलटवतात, मग तर काहीच कळत नाही. तिथे ‘दा’ की ‘ने’, असं तोंडाने विचारून घ्यावं.

आवाज जुळला म्हणून नातं जोडू नका

ही चूक हौशी भाषाप्रेमींची, आणि ती मला जास्त सलते. ग्रीक ‘नाइ’ आणि आपला ‘नाही’ एकाच मुळातून आले आणि ग्रीकांनी अर्थ फिरवला, असं कुणी सांगू लागलं तर मान डोलवू नका. ग्रीक ‘नाइ’ हा ‘खरोखर’ अशा अर्थाचा प्राचीन शब्द आहे, शपथेवर सांगताना वापरायचा. नकाराशी त्याचा संबंध नाही. उलट इंग्रजी ‘नो’ मात्र आपल्या संस्कृत ‘न’चा दूरचा नातेवाईक आहे. जुन्या इंग्रजीत ‘ने’ म्हणजे न आणि ‘आ’ म्हणजे कधी. दोन्ही मिळून ‘ना’, म्हणजे ‘कधीच नाही’, आणि त्याचाच पुढे ‘नो’ झाला. इटालियन आणि स्पॅनिश ‘नो’ लॅटिन ‘नोन’वरून आला, त्यात ‘ने’ला ‘एक’ हा शब्द चिकटलेला आहे: ‘एकही नाही’. म्हणजे मूळचा ‘न’ एकच, पण जोड वेगवेगळी.

पोर्तुगीजमध्ये याहून मजेशीर प्रकार आहे. गोव्याहून लिस्बनला स्थायिक झालेल्यांना तो रोजचा असेल. तिथे ‘नाही’ला नाकातून ‘नाँउ’ म्हणतात, आणि एन-ओ अशी अक्षरं दिसली की तो ‘मध्ये’: ‘एं’ हे शब्दयोगी आणि ‘उ’ हे उपपद मिळून झालेला. पोर्तुगालमध्ये तो ‘नु’ असा उच्चारतात. ‘नु पोर्तु’ म्हणजे पोर्तु शहरात. पाटीवर तो दिसला म्हणजे मनाई आहे असं समजू नका.

त्याचंच स्त्रीलिंगी रूप ‘ना’. पोर्तुगीज ‘ना प्राया’ म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर. पोलिशमध्ये हेच सांगायचं तर ‘ना प्लाझी’. पाहणाऱ्याला वाटेल, ‘ना’ तर एकच आहे, फक्त किनाऱ्याचे शब्द वेगळे. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. पोर्तुगीज ‘ना’ जोडशब्द, पोलिश ‘ना’ अस्सल स्लाव्हिक. दोघांची ओळखही नाही. आणि ‘प्राया’ व ‘प्लाझा’ ही मात्र सख्खी भावंडं, एकाच लॅटिन ‘प्लागिआ’ची, त्यातलं पोलिश भावंड फ्रेंचमार्गे आलेलं. जे सारखं दिसतं ते परकं आणि जे वेगळं दिसतं ते घरचं, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

प्रश्नच नकारार्थी असेल तर?

इथे चूक शब्दाची नसते, आपल्या सवयीची असते. ‘तू येणार नाहीस?’ या प्रश्नाला आपण ‘हो, नाही येणार’ म्हणतो, कारण समोरच्याचं म्हणणं बरोबर आहे असं आपल्याला सांगायचं असतं. इंग्रजीत हाच ‘हो’ दिला तर ऐकणारा तुमच्यासाठी पान वाढेल. येणार असाल, तर फ्रेंचमध्ये ‘वी’ न म्हणता ‘सी’ म्हणायचं, जर्मनमध्ये ‘या’ऐवजी ‘डॉख’, स्वीडिशमध्ये ‘या’ऐवजी ‘यू’. समोरच्याचा नकार खोडून काढणारा हा खास होकार आहे आणि तो मुद्दाम घोटवून घ्यावा लागतो. तोवर सोपा उपाय म्हणजे नुसत्या हो-नाहीवर थांबायचं नाही, क्रियापद घालायचं: ‘येतो’, ‘येत नाही’. फोनवर तर नक्कीच, आणि समोरचा माणूस ‘नो’नंतर काय म्हणतोय ते पूर्ण ऐकल्याशिवाय फोन ठेवू नका.