भरलेला फ्रीझर, तरी संध्याकाळी पार्सल? या चुका टाळा

डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाला की नाशिकमध्ये घरोघरी शेंगा सोलायची बैठक बसते. पाच किलो, सात किलो, ज्याला जमेल तेवढा. दाणे पिशव्यांत भरले जातात, पिशव्या फ्रीझरमध्ये कोंबल्या जातात आणि एप्रिलात त्यातून पिवळट, चामट, वाळल्या गवताच्या वासाचा एक गोळा निघतो. तो फोडायला लाटणं घ्यावं लागतं. मग अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून दमून आलेलं माणूस पार्सलच मागवतं.

यात फ्रीजचा दोष फार थोडा असतो. काय ठेवलं आणि कसं ठेवलं, बिघडतं ते तिथेच.

उरलंसुरलं आत सरकवणं

एखाद्याचा फ्रीझर उघडून बघा. अर्धी वाटी आमटी, कुणाच्या तरी लग्नातली बर्फी, गौरीच्या जेवणातलं उरलेलं पुरण, आणि एक डबा ज्यात काय आहे ते घरात कुणालाच ठाऊक नाही. यातल्या कशानेही मंगळवारचा स्वयंपाक सोपा होत नाही.

आपल्या जेवणात वेळ नेमका कुठे जातो ते आधी पाहा. कुकर लावायला काही लागत नाही. पोळ्या गरमच हव्यात, त्या रोज होणारच. वेळ खातात ती मधली कामं: मटकीला मोड आणणं, वाल सोलणं, कांदा-खोबरं भाजून वाटणं, नारळ खवणं, दाण्याचं कूट करणं. ही कामं रविवारी एकदाच उरकून फ्रीझरच्या हवाली करायची. माझ्या मते घरच्या फ्रीझरचा खरा उपयोग हाच. आठवडाभराच्या तयार भाज्यांचे डबे रचणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण आपल्याकडे फोडणीचा वास आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, आणि ते डबे मागे मागे सरकत राहतात.

मिसळीला नाशिककराला निमित्त लागत नाही, तेव्हा मटकीपासून सुरुवात करा. मोड जरा दिसू लागले की थांबवा. फार लांब मोड गोठवल्यावर तुटतात. मटकी पंचावर पसरून कोरडी होऊ द्या आणि एका वेळेपुरत्या पिशव्या करा. वापरताना वितळवत बसू नका, गोठलेलीच फोडणीत टाका आणि पूर्ण शिजवा. ती कच्ची खाण्याजोगी राहत नाही, मऊ पडते, पण उसळीत फरक कळत नाही. सोललेल्या वालांचंही तसंच. छोले आणि राजमा मात्र शिजवून, थोड्या पाण्यासकट ठेवलेले बरे.

वाटणासाठी कांदा तांबूस परतून घ्या, खोबरं खरपूस भाजा आणि वाटताना पाणी शक्य तितकं कमी घाला. मिश्रण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, घट्ट झाल्यावर खडे पिशवीत काढा. ट्रे या कामाला वेगळाच ठेवा, नाहीतर पाहुण्यांच्या सरबताला लसणीचा वास येतो. आपल्या ट्रेचा एक खडा म्हणजे किती चमचे, ते एकदा पाण्याने मोजून ठेवा. मग दोन माणसांच्या रश्श्याला किती खडे, हा हिशोब डोक्यात बसतो. कच्च्या कांद्याचं वाटण गोठवू नका. त्याचा उग्र दर्प बंद पिशवीतूनही बाहेर येतो.

दाण्याचं कूट, भाजलेले तीळ, किसलेलं सुकं खोबरं यांना फ्रीझर लागतो हे बऱ्याच जणांना पटत नाही. पण यात तेल असतं, आणि उन्हाळ्यात ते खवट व्हायला वेळ लागत नाही. या गोष्टी कोरड्या असल्यामुळे गोठून दगड होत नाहीत. चमचा घालून हवं तेवढं काढा, डबा लगेच परत आत.

टोमॅटोचा मोसम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात आवक वाढली की भाव असे कोसळतात की शेतकऱ्याचं काही खरं नसतं. त्या दिवसांत टोमॅटो उकडून, साल काढून, वाटून, जरा आटवून ठेवले की पुढे भाव चढल्यावर सार आणि पनीरची भाजी अडत नाही. कोथिंबिरीची जुडी मात्र तशीच गोठवू नका, तिचं चिंध्यांसारखं काहीतरी होतं. हिरवी चटणी करून खडे पाडा.

फ्रीझर पुरेसा गार आहे असं गृहीत धरणं

महिनोन्महिने टिकवायचं तर आत उणे १८ अंश सेल्सिअस तापमान हवं. फ्रीझरच्या कप्प्यावर किंवा फ्रीजच्या माहितीपुस्तकात चांदण्यांची खूण असते: एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. दारावरच्या वीजबचतीच्या लेबलवरचे तारे वेगळे. त्यांचा थंडीशी काही संबंध नाही. पाच तारे आहेत म्हणून आतला कप्पा जास्त गार, हा समज मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकलाय.

एकाच दाराच्या फ्रीजमध्ये वरचा कप्पा बर्फ पाडतो म्हणजे तो उणे १८ ला आहे असं नाही. बर्फ शून्यालाच होतो. आइस्क्रीमचा डबा एक रात्र ठेवा. सकाळी चमचा सहज रुतला तर तो कप्पा लांबच्या साठ्याचा नाही. तिथे मटकी, वाटण, खोवलेला नारळ दोन-तीन आठवड्यांपुरताच ठेवा, मटाराचा वर्षभराचा बेत करू नका. साधा फ्रीझर थर्मामीटर मिळाला तर अंदाज करायची गरजच नाही.

मटार न उकळता भरणं

गोठवल्याने दाण्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, मरत नाहीत, फक्त मंदावतात. काही महिन्यांत ती रंग आणि चव खातात. तो गवतासारखा वास त्यांचाच. उपाय सोपा आहे. मोठ्या पातेल्यात खळखळ उकळत्या पाण्यात दाणे टाका, पुन्हा उकळी आली की दीड-दोन मिनिटं मोजा, आणि चाळणीने काढून थेट बर्फाच्या पाण्यात घाला. नळाच्या पाण्यावर भागवू नका, विशेषतः मार्चनंतर, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणीच कोमट असतं. एका वेळी थोडेच दाणे घ्या. पातेलं गच्च भरलं तर पाणी उकळायचं थांबतं आणि दाणे नुसते भिजतात.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: वाळवणं. ओले दाणे पिशवीत गेले की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि दाणे एकमेकांना धरतात. पंचावर पसरून टिपा, मग ताटात एकेरी थर देऊन तास-दोन तास गोठवा आणि नंतर पिशवी भरा. असे दाणे शेवटपर्यंत सुटे राहतात, मूठभर काढता येतात. मक्याचे दाणे, फरसबी, गाजर यांनाही हीच रीत. मेथी उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, लहान गोळे करून ठेवा.

चांगल्या गार फ्रीझरमध्ये असा मटार आठ-दहा महिने राहतो. म्हणजे पुढच्या हिवाळ्यापर्यंत.

एकच मोठा डबा भरणं

जाड थर हळू गोठतो. हळू गोठताना बर्फाचे स्फटिक मोठे होतात, ते पदार्थाच्या पेशी फोडतात आणि वितळल्यावर पाणी सुटतं. म्हणून पिशवी भरली की आडवी ठेवून हाताने बोटभर जाडीची चपटी करा. लवकर गोठते, लवकर वितळते, आणि पुस्तकांसारखी उभी रचता येते. आतली हवा दाबून काढा. हवा राहिली तर पदार्थाचा ओलावा उडून पिशवीत दवाचे खडे जमतात आणि पदार्थावर कोरडे पांढरट डाग पडतात. तो भाग खाल्ल्याने अपाय होत नाही, पण चव चोथ्यासारखी लागते.

आमरसाची गंमत वेगळी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि रसात पाणीच जास्त. काठोकाठ भरलेली काचेची बरणी तडकते. स्टीलच्या डब्याचं झाकण वर उचललं जातं किंवा असं बसतं की उघडायला कोमट पाणी लागतं. वर दोन बोटं जागा सोडा. रसात दूध घालून ठेवू नका, ते ऐनवेळी घाला. डबा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवा.

गरम डबा आत, नाहीतर रात्रभर ओट्यावर

ही दोन्ही टोकं वाईट. गरम पातेलं आत ठेवलं की शेजारचं गोठलेलं मऊ पडतं आणि दवाचा बर्फ वाढतो. ओट्यावर विसरलं तर त्यात जंतू वाढतात, आणि गोठवल्याने ते मरत नाहीत, नुसते थांबतात. बाहेर काढल्यावर पुन्हा कामाला लागतात. शिजवलेलं अन्न दोन तासांत आत गेलं पाहिजे, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरात. भात, छोले परातीत पसरा, रस्सा असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा.

वितळवतानाही ओटा नको. चिकन, मटण, खिमा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवा, म्हणजे सुटलेलं पाणी कोथिंबिरीवर गळणार नाही. ओट्यावर पूर्ण वितळून तासन् तास राहिलेलं मांस पुन्हा गोठवायचं नाही, तेव्हा पाव-पाव किलोच्या पुड्या केलेल्या बऱ्या. श्रावण पाळणाऱ्या घरांत आषाढ संपायच्या आत कप्पा रिकामा होतोच, तेवढं एक खातं आपोआप साफ राहतं.

जे गोठतच नाही ते गोठवणं

रश्श्यातला बटाटा वितळल्यावर भुसभुशीत स्पंज होतो. रस्सा गोठवायचा असेल तर बटाट्याविना गोठवा, बटाटा त्या दिवशी घाला. काकडी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, उकडलेली अंडी, दही यांच्या वाटेला जाऊ नका. पनीर चालतं, थोडं भुरभुरीत होतं, गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवलं की सावरतं. इडलीचं पीठ गोठवण्यापेक्षा इडल्या करून गोठवा आणि पुन्हा वाफवा.

चिठ्ठी न लावणं

गोठल्यावर चिंचेचा कोळ, काळं वाटण आणि पुरण अंधारात सारखीच दिसतात. पिशवी भरण्याआधीच कागदी चिकटपट्टी लावून नाव, माप आणि तारीख लिहा. गार, ओल्या प्लॅस्टिकवर पट्टी चिकटत नाही आणि शाई पसरते. नवं मागे ठेवा, जुनं पुढे आणा. शिजवलेल्या गोष्टी दोन-तीन महिन्यांत संपवा.

२०२७ च्या सिंहस्थाला नातेवाईक येणार म्हणून काही घरांत आत्ताच मोठ्या डीप फ्रीझरची भाषा चाललीय. घ्यायचा तर घ्या, पण आहे त्या कप्प्यातली यादी दारावर लावायची सवय आधी करा. मोठ्या पेटीच्या तळाशी गेलेला डबा वर यायला सणच उजाडावा लागतो.

वीज गेली की दार उघडून बघणं

हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. दार बंद राहिलं तर गच्च भरलेला वेगळा फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. फ्रीजच्या आतला लहान कप्पा त्याहून बराच कमी. तेव्हा वळवाच्या पावसात दिवे गेले तर हात आवरा. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या थोड्या कमी भरून गोठवून ठेवा, त्या थंडी धरून ठेवतात.

गावाला जाणार असाल तर वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर काळजी नाही. ते बर्फाच्या मध्ये किंवा तळाशी अडकलेलं दिसलं, तर मधे वीज बराच वेळ नव्हती आणि सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलंय. मांस आणि शिजवलेलं अन्न टाकून द्या.

आणि आतल्या भिंतींवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड बर्फ साचला असेल तर तो सुरीने खरवडू नका. मागे गॅसची नळी असते, तिला भोक पडलं तर दुरुस्तीपेक्षा नवा फ्रीज बरा असं मेकॅनिकच सांगतो. देखभालीसाठी वीज बंद राहणार असल्याचं आधी कळलं, तर बर्फ वितळवायला तोच दिवस धरा. आधीच्या दोन दिवसांत साठा खाऊन कमी करा, उरलेलं थर्माकोलच्या खोक्यात बर्फासोबत ठेवा, फ्रीझरचं दार उघडं टाका आणि खाली जुना टॉवेल अंथरा.