नागपुरात एआयचं प्राध्यापक व्हायचंय? मग हे वाचा राजेहो

बीई झालं की पहिले गेट (एमटेकच्या ॲडमिशनची परीक्षा) द्या, 2024 पासून डेटा सायन्स अँड एआयचा वेगळा पेपर आहे (डीए म्हणतात त्याला), आणि स्कोअर तीन वर्षं चालतो म्हणजे एकदा जमलं की टेन्शन कमी. इंजिनिअरिंगला शिकवायला नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) लागत नाही, हे घरच्यांना, मामा-काकांना दहादा सांगावं लागते, मी अजून सांगतो.

एआयसीटीई, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजांवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था, तिच्या नियमात असिस्टंट प्रोफेसरसाठी बीई-एमई आणि दोनपैकी एकात फर्स्ट क्लास, एवढंच. पण व्हीएनआयटी (नागपूरची एनआयटी) सारख्या ठिकाणी पीएचडीशिवाय विचारत नाहीत, म्हणून एमटेकनंतर थांबू नका.

पीएचडीचा गाइड निवडताना नाव नका पाहू, त्यांच्या आधीच्या स्टुडंटला टपरीवर तर्री पोहे खाऊ घाला आणि विचारा, सर ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देतात? दोन महिने म्हणाला तर दुसरा गाइड शोधा.

रिसर्च पेपरचं सांभाळून. मला व्हॉट्सॲपवर मेसेज आला होता, तीन दिवसांत पब्लिश, फक्त फी भरा. भरली भाऊ, आणि इंटरव्ह्यूत तो पेपर कोणी मोजलाच नाही.

इंटरव्ह्यूतल्या डेमो लेक्चरला स्लाइड्स ठेवा बाजूला. फळ्यावर छोटंसं न्यूरल नेटवर्क, म्हणजे दोन इनपुट, दोन हिडन न्यूरॉन, एक आउटपुट काढा, वेट्सला 0.5 वगैरे आकडे द्या आणि बॅकप्रोपागेशन (आउटपुटची चूक मागे नेत वेट्स सुधारणं) हातानं सोडवून दाखवा, त्यातल्या चेन रूलची (डेरिव्हेटिव्हचा नियम) एक पायरी चुकली तरी चालेल पण चूक स्वतःच पकडा, पॅनलला तेच पाहायचं असते.