दुधाच्या हिशेबातून पायथॉन: एआय हाताशी असताना प्रोग्रॅमिंग कसं शिकावं

एआयला सांगितलं की मिनिटभरात प्रोग्रॅम लिहून मिळतो, हे खरं आहे. पण मिळालेला प्रोग्रॅम बरोबर आहे का, हे ज्याला तो वाचता येतो त्यालाच कळतं. म्हणून प्रोग्रॅमिंग आजही शिकावं लागतं. शिकण्याचा क्रम तेवढा सांभाळायचा: आधी स्वतः लिहायचं, मग एआयला बोलवायचं. संगणकाची पदवी नसली, वय चाळिशीपुढे गेलं असलं, तरी अडत नाही. टक्केवारी आणि त्रैराशिक येत असेल तर सुरुवातीला तेवढं गणित पुरतं.

भाषा, जागा, धडे

भाषा पायथॉन घ्या. त्यावर फार खल करू नका. गिदो व्हान रोसम यांनी १९९१ साली ती जगापुढे आणली, आणि आज एआयचं बरंचसं काम तिच्यातच चालतं. त्यामुळे पुढे त्या वाटेला गेलात तरी भाषा बदलावी लागत नाही. आवृत्ती मात्र तिसरी हवी. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे. जुन्या व्हिडिओत 'प्रिंट' या छापण्याच्या आज्ञेपुढे कंस दिसला नाही, तर तो व्हिडिओ सोडून द्या.

महागडा लॅपटॉप लागत नाही. ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडलं की काहीही इन्स्टॉल न करता पायथॉन चालतं. मोबाइलवरही जमतं, पण कंस आणि अवतरणचिन्हं शोधण्यातच जीव मेटाकुटीला येतो. आणखी एक काम पहिल्याच दिवशी करा: टाइप करताना आपोआप पुढचा कोड सुचवणारी एआयची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. निदान पहिले दोन महिने तरी ती नको.

धड्यांची कमतरता नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात. पैसे प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी लागतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक विषयांचे धडे मराठीतही आहेत. इंग्रजी चालत असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा पायथॉनचा सीएस५० अभ्यासक्रमही मोफत आहे. यातला एकच निवडा आणि तडीस न्या. नोकरीची हमी देऊन लाखभर रुपये आगाऊ मागणाऱ्या क्लासच्या वाटेला, माझं ऐकाल तर, जाऊच नका.

घरातला एक हिशेब निवडा

नुसते धडे बघून काही येत नाही. आपल्या रोजच्या व्यवहारातलं एक काम घ्या. बचत गटाचं व्याज चालेल, सोसायटीचा मेंटेनन्स चालेल. इथे दुधाचा रतीब घेऊ. रोज किती लिटर आलं, दर किती, महिन्याचे किती झाले, एवढंच.

पहिल्या दिवशी दीड लिटर, दुसऱ्या दिवशी एक. दर ६४ रुपये. 'इनपुट' ही आज्ञा वापरून दोन्ही दिवसांच्या लिटरचे आकडे विचारले आणि बेरीज केली, तर पायथॉन उत्तर देतं १.५१. अडीच हवे होते! कारण 'इनपुट'ने जे येतं ते पायथॉनच्या लेखी अक्षरं असतात, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. आता त्याला ६४ ने गुणलंत, तर १.५१ हीच अक्षरं ६४ वेळा सलग छापून येतील. आकडा आत घेतानाच त्याला 'फ्लोट'मध्ये, म्हणजे अक्षरांची दशांश संख्या करणाऱ्या आज्ञेत, घातलं की बेरीज अडीच आणि बिल १६० रुपये येतं. गंमत म्हणजे आकडे देवनागरीत टाइप केले तरी 'फ्लोट' ते बिनतक्रार ओळखतो. या एका चुकीतून डेटाचे प्रकार म्हणजे काय ते जितकं पक्कं कळतं, तितकं तासभराच्या व्हिडिओतून कळत नाही.

मग खाड्याचा दिवस येतो. दूध आलंच नाही, म्हणून तुम्ही काही न लिहिता नुसतं एंटर दाबता आणि प्रोग्रॅम लाल अक्षरांत कोसळतो. घाबरायचं नाही. लाल मजकूर नेहमी खालून वर वाचावा: शेवटच्या ओळीत चुकीचं नाव असतं, इथे 'व्हॅल्यूएरर', आणि त्याच्या वर कुठल्या ओळीत अडलं ते. रिकाम्या जागेचा आकडा करता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं आहे. 'इफ' ही 'जर असं असेल तर'ची अट वापरून रिकामं उत्तर शून्य धरा.

असं करत करत लूप (तेच काम पुन्हा पुन्हा, तीस दिवस), लिस्ट (रोजचे आकडे), डिक्शनरी (तारखेनुसार दर, कारण दरवाढ हमखास महिन्याच्या मध्येच होते), फंक्शन (नाव देऊन पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) आणि फाइलमध्ये साठवणं, एवढं जमलं की पाया झाला. रोज पाऊण तास दिलात तर दोन-अडीच महिन्यांत होतं. पैशांच्या हिशेबात एक काळजी घ्या: संगणक दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो, म्हणून पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी आणि दाखवताना रुपये करावेत.

आता एआयला बोलवा

लिहून झालेला प्रोग्रॅम चॅटजीपीटी, जेमिनी किंवा क्लॉड, जो हाताशी असेल त्याला द्या आणि मराठीतच सांगा: "मी नवशिका आहे. कोड बदलू नकोस. कुठे चुकू शकेल ते सांग आणि मला तीन प्रश्न विचार." 'नवीन लिहून दे' म्हणालात तर तो देईल, पण शिकणं तिथेच थांबेल.

त्याने सुचवलेली दुरुस्ती ओळ न ओळ वाचा. खाड्याच्या चुकीवर एक उपाय सर्रास सुचवला जातो: आकडा करताना कुठलीही अडचण आली तर शून्य धरा. दिसायला सुटसुटीत. पण मग घरातल्या कुणी १.५ ऐवजी 'दीड' असं लिहिलं तरी शून्यच धरलं जाईल, प्रोग्रॅम हूं की चूं करणार नाही, आणि महिन्याअखेर दूधवाल्याचे पैसे बुडतील. म्हणून तीन-चार दिवसांचा हिशेब कागदावर करून ठेवा. त्यात एक खाडा, एक दरवाढ आणि एक मुद्दाम चुकीची नोंद असू द्या. प्रत्येक बदलानंतर प्रोग्रॅमचं उत्तर त्याच्याशी ताडून बघा.

एआयमुळे वेळ वाचल्याचा भासही होतो. मेटर या संशोधन संस्थेने २०२५ साली १६ अनुभवी प्रोग्रॅमरांची, त्यांच्या ओळखीच्याच प्रकल्पांवर, चाचणी घेतली. एआय वापरताना त्यांना १९ टक्के वेळ जास्त लागला. त्यांना स्वतःला मात्र सुमारे २० टक्के वाचल्यासारखं वाटत होतं. १६ जणांवरून जगाचा निष्कर्ष काढू नये, पण घड्याळ लावून काम करायला काय हरकत आहे?

दोन पथ्यं. एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं (म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संचाचं) नाव ठोकून देतो, आणि अशा नावांनी घातक कोड टाकून ठेवणारे लोकही आहेत. तेव्हा इन्स्टॉल करण्यापूर्वी ती खरोखर कुणाची आहे ते बघा. दुसरं म्हणजे लोकांचे आधार क्रमांक, बँक खाती, पासवर्ड चॅटमध्ये चिकटवू नका.

एआयचा वेग कसा गाठावा

गाठू नका. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ट्रान्सफॉर्मर ही आजच्या चॅट करणाऱ्या एआयच्या मुळाशी असलेली रचना मांडली, ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं, आणि तेव्हापासून नव्या मॉडेलची, म्हणजे अशा एआयच्या मुळाशी असलेल्या प्रशिक्षित प्रोग्रॅमची, बातमी आली नाही असा आठवडा विरळा. सगळं वाचणारा माणूस दुसरं काही करूच शकणार नाही.

त्यापेक्षा चार-पाच कल्पना नीट समजून घ्या, कारण मॉडेल बदललं तरी त्या टिकतात. मॉडेल मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडतं. 'मराठी' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, पण पायथॉनला लांबी विचारलीत तर पाच सांगतं, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जातात. टोकन हा आणखी वेगळा हिशेब, आणि तितक्याच मजकुराला मराठीत बहुधा इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात. म्हणजे मर्यादा लवकर संपते. एका वेळी मॉडेलला किती मजकूर समोर ठेवता येतो, ती त्याची कॉन्टेक्स्ट विंडो. त्याचं प्रशिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं, म्हणून नव्या लायब्ररीबद्दल तो जुनीच माहिती देऊ शकतो. अशा वेळी मूळ दस्तऐवज उघडावा. आणि एजंट म्हणजे फाइल उघडणं, कोड चालवणं अशी कामं स्वतः करणारं मॉडेल. त्याला परवानगी देण्याआधी आपल्या फाइलींची प्रत काढून ठेवा. गिट, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, शिकायला याहून चांगलं निमित्त नाही.

बातम्यांसाठी आठवड्यातला एक तास बस झाला. नवं मॉडेल आलं की जाहिरातीतले तक्ते बघण्याऐवजी स्वतःच्या कामातले पाच ठरलेले प्रश्न त्याला घाला, ज्यांची बरोबर उत्तरं तुम्हाला आधीच माहीत आहेत. एखादा मराठी परिच्छेद, एखादा मुद्दाम बिघडवलेला प्रोग्रॅम त्यात असावा. उत्तरं तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. फरक दिसला तर मॉडेल बदला, नाहीतर आहे ते चालू द्या. वर्षाची वर्गणी तर एकदम भरूच नका.